तुरेवाला निवडुंग सांभाळताना

अंगणातला कोंबडा आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. किरमिजी रंगाचं, मखमलीसारखं, वळ्यावळ्यांचं फूल. फूल कसलं, कोंबड्याचा तुराच तो! गणपतीच्या सुमारास फुलांच्या बाजारात त्याचे ढीग दिसतात. पण हा तुरा म्हणजे वाढीतली एक गफलत आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

झाडाच्या प्रत्येक शेंड्याला पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. नवी पानं, नव्या फांद्या तिथूनच निघतात. हा पुंजका म्हणजे एक बिंदू, म्हणून खोड सरळ, गोल वाढतं. क्वचित काही बिघडतं आणि त्या बिंदूची रेघ होते. मग झाड वर जायचं सोडून आडवं, पंख्यासारखं पसरायला लागतं. रेघ लांबत जाते, जागा पुरत नाही, म्हणून ती नागमोडी होते, तिला घड्या पडतात. निवडुंगात किंवा इतर मांसल झाडांत असं झालं की नर्सरीवाले त्याला ‘क्रेस्टेड’ म्हणतात. आपण तुरेवाला म्हणू या. मॅमिलेरिया इलाँगेटा या साध्या बोटाएवढ्या निवडुंगाचा तुरा झाला, की तो हुबेहूब मेंदूसारखा दिसतो.

असं का होतं? कधी पेशींतला आनुवंशिक बदल, कधी शेंड्याला झालेली इजा, थंडीचा तडाखा, तर काही झाडांत विशिष्ट जिवाणूंचा संसर्ग. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. मात्र ‘हा रोग आहे, शेजारच्या कुंड्यांना लागेल’ ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. बागप्रेमी वर्षानुवर्षं ही झाडं इतरांच्या शेजारी वाढवत आलेले आहेत.

कोंबड्यात आणि या निवडुंगात एक मोठा फरक आहे. कोंबड्याचं बी पेरलं की पुन्हा कोंबडाच येतो. तुरेवाल्या निवडुंगाच्या बियांतून मात्र बहुधा साधीच रोपं उगवतात. म्हणून तुमच्या हातातला तुरा हा दुसऱ्या कुठल्यातरी तुऱ्याचा कापलेला तुकडा असतो. त्याची किंमत जास्त असते ती यामुळेच, आणि तो बहुधा दुसऱ्या झाडावर कलम केलेला असतो तेही यामुळेच.

कलमाकडे वळण्याआधी एक खुलासा. मराठीत आपण ज्याला सरसकट निवडुंग म्हणतो, त्यात दोन अगदी वेगळी कुळं आहेत. कापल्यावर पांढरा चीक येतो तो युफोर्बिया. आपल्याकडच्या माळांवरचे, कुंपणांवरचे बरेच निवडुंग यातले. ज्याचे काटे केसाळ गादीसारख्या ठिपक्यातून निघतात तो कॅक्टस. फड्या निवडुंग कॅक्टस आहे आणि तो मूळचा अमेरिकेतला. युफोर्बियाचं कलम युफोर्बियावरच जुळतं, कॅक्टसचं कॅक्टसवर. ही अदलाबदल चालत नाही.

बाजारात ‘कोरल कॅक्टस’ नावाचं देखणं झाड मिळतं. वर समुद्रातल्या प्रवाळासारखा लहरी पंखा, खाली जाड खोड. नावात कॅक्टस असला तरी ते कॅक्टस नव्हे. वरचा पंखा युफोर्बिया लॅक्टियाचा, आणि खालचा खुंट बहुधा कुंपणाला लावतात त्या जाड, लांबट पानांच्या निवडुंगाचा. काही भागांत त्याला थोर म्हणतात. खुंटाला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच पाडून त्यात पंख्याची पाचर बसवलेली असते. विकत घेताना हा सांधा नीट पाहा. तिथे मेण लावलेलं असेल तर हलकेच दाबून बघा. मऊ लागलं, काळं दिसलं, तर ते झाड घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो.

कॅक्टसच्या तुऱ्यांना अनेकदा ड्रॅगन फ्रूटच्या तिधारी खोडाचा खुंट असतो. होय, सांगली-सोलापूरकडे शेतकरी ज्याची बाग लावतात, तोच. कलम त्यावर भराभर वाढतं, पण हा खुंट फार वर्षं साथ देत नाही. तो सुकायला, पिवळा पडायला लागला की वाट न पाहता तुरा कापून नव्या खुंटावर चढवावा.

आता निगा. आपल्याकडे ही झाडं उन्हाळ्यात कमी आणि पावसाळ्यात जास्त मरतात. साध्या निवडुंगावरचं पाणी ओघळून जातं, तुऱ्याच्या घड्यांत ते साचतं. वर ढगाळ हवा. दोन-तीन दिवसांत घडीच्या तळाशी कुज सुरू होते, आणि बाहेरून दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जूनच्या पहिल्या पावसाआधी कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली किंवा वाऱ्याच्या गॅलरीत हलवा. छप्पर हवं तसा वाराही हवा. पाणी कुंडीच्या कडेने द्या, तुऱ्यावर नको, आणि माती पूर्ण वाळल्यावरच. मुंबई-कोकणात पावसाळाभर जवळजवळ पाणी देऊच नये. इचेवेरियाचे तुरे कितीही मोहक दिसले, तरी दमट किनाऱ्यावरच्या नवख्या माणसाने त्यांच्या नादी लागू नये, असं माझं मत आहे.

कुंडी मातीची, भोक मोकळं. एक भाग पोयटा, एक भाग चाळलेलं पालापाचोळ्याचं खत आणि दोन भाग विटांचा चुरा किंवा धुतलेली भरड वाळू. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी हिरवी जाळी हवीच, नाहीतर तुऱ्याची कड भाजते आणि तो डाग कायमचा राहतो.

घड्यांत लपणारा दुसरा शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसासारखे पांढरे ठिपके दिसले की कानकोरण्याला गुंडाळलेला कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकेक घडी पुसून काढायची. कंटाळवाणं काम आहे, पण आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा करावं लागतं.

आणि तुऱ्यातून मध्येच एखादी साधी, गोल फांदी निघते, तिचं काय? तिच्या शेंड्याची रेघ पुन्हा बिंदू झालेली असते. ती तुऱ्यापेक्षा जोमाने वाढते आणि अन्न ओढून घेते. लोकांना वाटतं, वा, फुटवा आला! वर्षा-दोन वर्षांत तुरा मागे पडतो आणि साधंच झाड उरतं. अशी फांदी बोटभर व्हायच्या आत, स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने मुळाशी कापावी. खुंटाला येणारे फुटवेही असेच काढावेत. कापलेली साधी फांदी टाकू नका. आठ-दहा दिवस सावलीत वाळवून, कापलेल्या जागी खपली धरली की वाळूत लावा. अशा फांदीवर पुढे कधीतरी पुन्हा तुरा धरतोही.

युफोर्बिया कापताना मात्र हातमोजे आणि चष्मा घालाच. त्याचा चीक कातडीला झोंबतो, आणि डोळ्यात गेला तर तीव्र दाह होऊन नजरेवर परिणाम होऊ शकतो. गेलाच तर डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा. घरात लहान मुलं असतील तर कोरल कॅक्टसची कुंडी त्यांचा हात पोचणार नाही अशा उंचीवरच ठेवा.