यंत्रमानव घडविताना प्रत्येक हाताला काम

नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानास २०१६ मध्ये प्रारंभ झाला. या अभियानाखाली इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी निवडक शाळांत प्रयोगशाळा उभारण्यात आल्या व त्यांकरिता प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झालेल्या नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात या उपक्रमाचे मोल विशेष आहे. म्हणूनच तेथे नेमके कोण शिकते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सांगाडा, मोटर, भोवतालची जाणीव घेणारे संवेदक आणि त्यांना हुकूम देणारी आज्ञावली यांचा मेळ म्हणजे यंत्रमानव होय. चमूत दहा विद्यार्थी असले तरी स्पर्धा जवळ येताच ज्याला चटकन जमते त्याच्याकडेच काम जाते. पेचकस एकाच्या हाती, संगणक दुसऱ्याच्या; उरलेले केवळ साहित्य उचलून देतात. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. परंतु यंत्र पूर्ण होते आणि शिक्षण मात्र दोघांचेच होते. प्रमाण मराठीत बोलण्यास बिचकणारी पाड्यावरची मुलगी तर सहज मागे पडते.

यावर उपाय खर्चाचे नाहीत. चमूच्या जोड्या पाडाव्यात व दर पंधरवड्यास त्यांची कामे बदलावीत. जाणकार विद्यार्थ्याने सांगावे. हात मात्र नवख्याचेच चालावेत. संगणक एकच असल्यास आज्ञावलीचा क्रम प्रथम कागदावर सर्वांनी मांडावा. पावरी, मावची वा अहिराणी बोलणाऱ्या मुलांनी आपले काम आपापल्या बोलीत समजावून सांगण्यास मुभा असावी. काय बिघडले व कसे सुधारले, याची नोंद प्रत्येकाने आळीपाळीने लिहावी.

'फर्स्ट टेक चॅलेंज' या जागतिक स्पर्धेत चमूत १५ पर्यंत विद्यार्थी असू शकतात. मात्र सामन्याच्या वेळी यंत्र चालविणारे दोघेच. बाकीच्यांचे काम त्यापूर्वीच्या कित्येक आठवड्यांत झालेले असते. शेतीतील इर्जिकही अशीच चालते. तेथे बघ्याला स्थान नसते.

शाळेस भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी केवळ धावणारे यंत्र पाहून समाधान मानू नये. सर्वांत मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास जवळ बोलवावे आणि "हे चाक कशाने फिरते?" असे विचारावे. त्याचे उत्तर हीच त्या प्रयोगशाळेच्या यशाची खरी कसोटी होय.