घरांतील शिवणाचा कोपरा

ज्या घरांत शिवणाचें यंत्र आहे, अशा पुष्कळ घरांत तें बहुतेक काळ भरतकाम केलेल्या अभ्र्याखालीं झांकलेलें असतें. त्यावर फुलदाणी असते, किंवा मुलांच्या वह्या रचलेल्या असतात. घरच्या बाईला शिवतां येत नाहीं असें नव्हे. पुण्यास १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें सेवासदन निघालें, आणि तेव्हांपासून अशा संस्थांच्या वर्गांतून शिवण शिकून बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या कित्येक पिढ्या झाल्या. उणीव असते ती जागेची. दुपारीं सतरंजी अंथरून झबलें बेतावयास घ्यावें, खडूच्या खुणा होतात न होतात तोंच मुलें शाळेंतून यावींत, आणि सर्व पसारा गोळा करून पलंगाखालीं सारावा लागावा. दुसऱ्या दिवशीं खुणा पुसलेल्या, टाचण्या सांडलेल्या, एक बाही कोठें गेली त्याचा पत्ता नाहीं. असें दोनतीनदां झालें म्हणजे तें कापड शेवटीं शिंप्याकडे जातें, आणि यंत्रावर पुन्हा अभ्रा पडतो.

तेव्हां शिवणाची जागा म्हणजे काय, याचें उत्तर कपाटांवरून वा खणांवरून ठरत नाहीं. अर्धवट शिवलेला कपडा ज्या ठिकाणीं कोणी हात न लावतां आठ दिवस पडून राहूं शकतो, ती शिवणाची जागा. ती चार फूट लांब व तीन फूट रुंद असली तरी पुरते. मुंबईच्या बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकांत बांधल्या गेल्या. तेथील खोली सुमारें १६० चौरस फुटांची. तेवढ्यांत सगळा संसार करून शिवणही केलेल्या स्त्रिया थोड्या नाहींत. मोठ्या घरांतून मात्र "जागाच नाहीं" ही तक्रार वरचेवर ऐकूं येते, आणि दिवाणखान्यांतील दोन रिकाम्या खुर्च्यांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं!

जागा निवडतांना पाहावयाचा तो उजेड. यंत्राची सुई डाव्या अंगास असते, म्हणून खिडकी डाव्या हातास व किंचित् समोर असावी. पाठीमागून येणाऱ्या उजेडांत स्वतःचीच सावली टीपेवर पडते. उत्तरेच्या खिडकीचा उजेड दिवसभर सारखा राहतो. रात्रीं छताचा दिवा कामाचा नाहीं. लहानसा, मान वळवितां येणारा दिवा सुईजवळ आणावा आणि त्याचा झोत डोळ्यांवर येऊं देऊं नये. काळें कापड काळ्या दोऱ्यानें शिवण्याचें काम शक्य तों दिवसावरच ठेवावें.

खर्चाचा क्रम बहुधा उलटा लागतो. प्रथम सुबक कपाट येतें, मग रंगीबेरंगी डबे, आणि कातर मात्र स्वयंपाकघरांतून मागून आणलेली! वास्तविक पहिला पैसा कातरीवर खर्च व्हावा. आठनऊ इंची, हातांत नीट बसणारी कातर घ्यावी व तिनें कापडाखेरीज कांहींही कापूं नये. कागद घोटण्यासाठीं त्यांत पांढऱ्या मातीसारखीं द्रव्यें घातलेलीं असतात, त्यानें धार लवकर जाते. कागदाची कातर निराळी ठेवावी, आणि कापडाच्या कातरीस एखादी लाल फीत बांधावी, म्हणजे घरच्या पुरुषांनाही ती ओळखतां येते. त्यानंतर दिवा, मग चांगला दोरा व सुया. साध्या सुती कापडास १४ किंवा १६ नंबरची सुई चालते, मलमलीसारख्या तलमास ११ ची. बोथट सुईनें टांके गळतात, आणि पुष्कळदां दोष यंत्राला दिला जातो. कपाट सर्वांच्या शेवटीं, आणि नाहीं घेतलें तरी चालेल.

यंत्राची गोष्ट थोडी निराळी. अमेरिकेंत एलायस हाउ याला १८४६ सालीं आणि आयझॅक सिंगर याला १८५१ सालीं शिवणयंत्राचे पेटंट मिळाले. पुढें हें यंत्र घरोघर पसरलें. इतकें कीं, यंत्रांविषयीं साशंक असणाऱ्या गांधींनींही १९२४ सालीं शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली. जुनें यंत्र घेण्यांत कमीपणा नाहीं, पण परीक्षा करून घ्यावें. दोरा न घालतां चाक हातानें सावकाश फिरवावें. एकाच ठिकाणीं दर वेळीं अडखळत असेल तर आंत झीज किंवा वांक आहे. मग दोन पदरी कापडावर, वर पांढरा व खालीं लाल दोरा घालून, वीतभर टीप मारावी. वरच्या बाजूस लाल ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त आहे. तो स्क्रू सैल केल्यानें सुधारतो, त्यासाठीं यंत्र नाकारूं नये. टांके मात्र नवी सुई घालूनही गळत असतील तर मोह सोडावा. बॉबिन, बॉबिनची डबी व कापड सरकविणारे दांते बाजारांत मिळतात कीं नाहीं हेंही आधींच विचारावें. पायानें चालणाऱ्या यंत्रांत दोन्ही हात मोकळे राहतात ही मोठी सोय; परंतु एका खोलीच्या बिऱ्हाडांत, काम संपतांच उचलून फळीवर ठेवतां येणारें हाताचें यंत्रच अधिक सोयीचें.

बेतण्यासाठीं जमिनीवर बसण्याची आपली जुनी रीत आहे, पण तासभर वांकून बसल्यावर पाठ बोलूं लागते. साधें कापड ३६ इंच पन्ह्याचें असलें तर उभें दुमडल्यावर १८ इंच होतें. म्हणजे दोन फूट रुंद व पांच फूट लांब फळी पुरे. जुन्या दाराची एक फळी लोहाराकडून बिजागऱ्या लावून भिंतीस जोडावी, काम संपलें कीं खालीं सोडावी. किंवा दोन ट्रंकांच्या चवडींवर आडवी टाकावी. उभी राहिल्यावर कोपराच्या चार बोटें खालीं फळी आली म्हणजे उंची बरोबर झाली. त्याच फळीवर जुनें कांबळें व वर धोतराचा धुतलेला तुकडा पसरला कीं इस्त्रीचीही सोय होते. इस्त्री सर्व शिवून झाल्यावर करावयाची नसते. प्रत्येक टीप मारतांच ती दाबून पुढें जावें, घरच्या व दुकानच्या शिवणांत जो फरक दिसतो तो बहुतेक येथेंच आहे. मांजरपाटासारखें कोरें कापड असेल तर तें रात्रभर भिजवून, वाळवून मगच बेतावें.

सामान ठेवण्यास बिस्किटांचे डबे उत्तम. मुलांच्या कपड्यांचे नमुने वर्तमानपत्राच्या कागदावर कापून पाकिटांत घालावे, आणि पाकिटावर नांव, छातीचें माप व तारीख लिहावी. तारीख नसली तर मूल वाढल्याचें कापड कापल्यावर समजतें. चिंध्यांचे ढीग मात्र करूं नयेत. हातभर तुकडे खिशांसाठीं, लांब पट्ट्या गोधडीसाठीं, आणि अगदीं बारीक कातरण टाचण्यांच्या उशींत. जुन्या लुगड्यांना धावदोरा घालून गोधडी करणाऱ्या आज्यांनीं यापेक्षां वेगळें कांहीं केलें नव्हतें.

आणखी एक वस्तू या कोपऱ्यांत हवी, ती म्हणजे एक वही. शिवतां येतें असें कळलें कीं नणंदेचें पोलकें, शेजारणीचा परकर, "एवढी एक टीप मारून द्या हो" म्हणून येणारी पिशवी, यांची रीघ लागते. दोरा, सुया, वीज व दुपारची झोंप यांची किंमत कोणी विचारीत नाहीं. आणि घरांतूनही, हें तर तिच्या आवडीचें काम, असें म्हणून तें मोजलें जात नाहीं. वहींत काय शिवलें, किती वेळ लागला, शिंप्यानें काय घेतलें असतें, हें तीन महिने लिहून पाहावें. तो आंकडा पाहून पुष्कळ घरांत त्या चार फूट जागेविषयींचा वाद मिटला आहे, आणि नात्याबाहेरच्या कामाची मजुरी मागतांना जीभही अडखळत नाहीं.

राहतां राहिली यंत्राची निगा. खोबरेल तेल घालूं नये. तें थंडींत गोठतें व पुढें चिकट होऊन धूळ धरतें. यंत्राचें पातळ तेलच प्रत्येक छिद्रांत एक एक थेंब सोडावें, आणि नव्या कपड्याच्या आधीं चिंधीवर टीप मारून पाहावी. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत, सुया व टाचण्या गंजतात. त्या तेलाचा हात लावलेल्या फलाणीनच्या तुकड्यांत टोंचून डबा घट्ट लावावा. काम थांबवितांना कापड दाबणाऱ्या पायाखालीं दोन पदरी चिंधी ठेवून पाय खालीं सोडावा, म्हणजे रात्रीं उतरलेलें तेल ती टिपून घेते आणि सकाळच्या पांढऱ्या कापडावर डाग पडत नाहीं.