गुन्ह्याआधीची बंदी

दडपशाही म्हटली की लाठी, गोळी आणि तुरुंग डोळ्यांपुढे येतात. मात्र आधुनिक राजवटींचे अधिक परिणामकारक हत्यार असते ते पूर्वपरवानगीचे. हिंगोली परिसराने ते निजामी राजवटीतच अनुभवले. १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेला हा भाग तेव्हा हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात मोडत असे. १९२९ मध्ये निघालेल्या ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने सरकारी परवानगीवाचून सभा घेण्यास मनाई केली. बंडखोरी सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. अर्ज न करता सभा भरवणे एवढाच अपराध पुरेसा ठरला. १९३८ मध्ये तर स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. न जन्मलेल्या संघटनेचा धाक वाटावा, हे विलक्षणच! ती बंदी १९४६ पर्यंत टिकली. पुढे रझाकारांचा उघड अत्याचार सुरू झाला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले.

आजच्या राजवटी हेच तंत्र कायद्याच्या सफाईदार भाषेत वापरतात. रशियाने २०१२ पासून परदेशी निधी घेऊन राजकीय कार्य करणाऱ्या संस्थांवर ‘परकीय हस्तक’ हा शिक्का मारण्याची तरतूद केली. म्यानमारच्या लष्कराने २०२१ मध्ये सत्ता बळकावताच इंटरनेट तोडले. हाँगकाँगमध्ये २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली ‘अ‍ॅपल डेली’ या वृत्तपत्राची मालमत्ता गोठवण्यात आली. जून २०२१ मध्ये ते बंद पडले; मालकावरील खटल्याची सुनावणी सुरू झाली ती डिसेंबर २०२३ मध्ये.