बक्षीस नेमकं कशाचं?

कुत्र्याला ‘बस’ म्हटलं, तो बसला. तुम्ही खिशात बिस्कीट शोधेपर्यंत तो उठून उड्या मारू लागला आणि बिस्कीट नेमकं तेव्हा त्याच्या तोंडात पडलं. तुमच्या लेखी ते बसण्याचं बक्षीस. त्याच्या लेखी उड्यांचं. शिकवणीतली बरीच गडबड या दोन-तीन सेकंदांतच होते.

ज्या कृतीमागून सुखद फळ मिळतं ती पुन्हा घडते, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून दाखवलं. पुढे बी. एफ. स्किनर यांनी त्याचं शास्त्र उभं केलं आणि १९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या लेखात एक साधी युक्ती सांगितली. टिकटिक वाजणारं खेळणं घ्यायचं. आधी काही वेळा ते वाजवून लगेच खाऊ द्यायचा. आवाज आला की खाऊ येतो, हे नातं, खुणेचा आवाज ऐकताच लाळ गाळणाऱ्या पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांसारखंच, पक्कं जुळतं. मग बूड जमिनीला टेकताक्षणी टिक् करायचं. खाऊ क्षणभर उशिरा पोचला तरी चालतो. आजचा क्लिकर तो हाच.

अंगावर उडणाऱ्या कुत्र्याला आपण ओरडून ढकलतो. त्याला तर तेच हवं असतं, आपलं लक्ष! पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर आले की कौतुक करा. सुरुवातीला उड्या वाढतील, तरी धीर सोडू नका.

माराने कुत्रा थांबतो खरा, पण करायचं काय हे त्याला कळत नाही, आणि भीती मारणाऱ्या हाताशी जोडली जाते. भेदरलेला कुत्रा चावूही शकतो. गळ्यात टोचणारा काटेरी पट्टाही शिक्षाच; घरात असेल तर आजच काढून टाका.