डोंगल सीडीचे सोंग का घेते? लिनक्सवर यूएसबी मोडेम चालू करताना

मंडळी, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही दुकमजवळच्या साइटवर आहात. गुरुवारची संध्याकाळ, आठवडा संपलेला. पोर्टा केबिनमध्ये टेबलावर एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर विंडोज फारच रखडायला लागले म्हणून कुणा मित्राने लिनक्स टाकून दिले आहे. कप्प्यात एक यूएसबी डोंगल सापडते, त्यात सिम घालून तुम्ही ते लॅपटॉपला लावता. दिवा लुकलुकतो, पडद्यावर सीडीचे चित्र उमटते आणि पुढे काहीच होत नाही. इंटरनेट नाही ते नाहीच. इथे आठ वाजले की भारतात साडेनऊ होतात आणि आई झोपायला जाते. म्हणजे हातात वेळही फारसा नाही.

अशा वेळी बहुतेकजण दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: डोंगल बिघडले, किंवा लिनक्सवर हे असले काही चालतच नाही. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात. पण आज ओमानमध्ये एक तिसरी शक्यताही आहे आणि तिच्यावर कुठल्याही आज्ञेचा इलाज नाही. आपले डोंगल यांतल्या कोणत्या गटात बसते हे ओळखता आले, तर सुट्टीचा दिवस आणि थोडे रियाल दोन्ही वाचतात.

(खाली आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची.)

पहिली पायरी: सीडीचे सोंग

कोणतीही यूएसबी वस्तू लावली की संगणक तिला आधी विचारतो, "तू कोण?" ती वस्तू दोन क्रमांक सांगते. पहिला बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. टर्मिनल उघडून 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी या क्रमांकांसह दिसते. उदाहरणार्थ, हुवावेचा कंपनी क्रमांक १२डी१ आहे आणि झेडटीईचा १९डी२.

आता गंमत पाहा. हुवावेचे ई१५५० हे एके काळी घरोघरी असलेले डोंगल नुकतेच लावले असेल, तर वस्तूचा क्रमांक १४४६ सांगते. या अवतारात ते मोडेम नसतेच, ते असते एक सीडी ड्राइव्ह! मोडेम म्हणून काम करू लागल्यावर तेच डोंगल स्वतःचा क्रमांक १००१ सांगते. वस्तू एकच, ओळखपत्रे दोन.

हे सोंग कशासाठी? ही डोंगले बाजारात आली तेव्हा विंडोजवर त्यांच्यासाठी वेगळा ड्रायव्हर टाकावा लागे. सोबत सीडी द्यावी, तर लहान लॅपटॉपना सीडी ड्राइव्हच नसे. म्हणून उत्पादकांनी युक्ती केली आणि ड्रायव्हर डोंगलच्या पोटातच ठेवला. डोंगल लावले की ते आधी सीडी बनते, विंडोज त्या सीडीवरचा प्रोग्राम चालवते, प्रोग्राम ड्रायव्हर टाकतो आणि मग डोंगलला खूण करतो, "आता सोंग पुरे, मोडेम हो." डोंगल क्षणभर यूएसबीवरून गायब होते आणि नव्या रूपात परत येते.

लिनक्सला मोडेमचे ड्रायव्हर त्या सीडीवरून घ्यावे लागत नाहीत. ते त्याच्या गाभ्यातच असतात. पण सीडीवरचा विंडोजचा प्रोग्राम लिनक्स चालवत नाही. त्यामुळे ती खूण कुणी करतच नाही आणि डोंगल बिचारे सीडीच्याच वेशात बसून राहते.

दुसरी पायरी: एकतीस बाइटांचा निरोप

ही खूण करण्याचे काम लिनक्सवर 'यूएसबी मोडस्विच' नावाचे छोटे साधन करते. योसुआ डीत्झ या प्रोग्रामरने ते लिहिले. कोणत्या डोंगलला कोणता निरोप पाठवायचा याची मोठी यादी त्याच्यासोबत येते. काही डोंगलांना 'सीडी बाहेर काढ' एवढा साधा आदेश पुरतो. म्हणूनच कधीकधी सीडीच्या चित्रावर उजवी कळ दाबून ती 'बाहेर काढली' की मोडेम प्रकट होतो.

हुवावेच्या अनेक जुन्या डोंगलांना मात्र खास निरोप लागतो. तो एकतीस बाइटांचा असतो आणि त्याचे पहिले चार बाइट म्हणजे यू, एस, बी, सी ही चार अक्षरे. यात जादू काही नाही. पेन ड्राइव्हसारख्या साठवणीच्या उपकरणांना जाणारा प्रत्येक आदेश याच चार अक्षरांनी सुरू होतो. डोंगल स्वतःला साठवणीचे उपकरण म्हणवते, म्हणून त्याच्याशी त्याच भाषेत बोलायचे, फक्त आत एक असा आदेश ठेवायचा जो खऱ्या सीडी ड्राइव्हला कळणार नाही.

आजच्या बहुतेक लोकप्रिय लिनक्स वितरणांत हे साधन आधीच असते किंवा सहज टाकता येते. अडचण एकच: ते टाकायला इंटरनेट लागते आणि इंटरनेटसाठीच तर हा खटाटोप! त्यावर उपाय सोपा आहे. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स फोनला नेटवर्क कार्ड समजते. पाच मिनिटांसाठी फोनचा डेटा वापरून साधन टाकून घ्या. त्याच्यासोबत त्याच्या माहितीचे वेगळे पॅकेज असते, तेही विसरू नका. मग डोंगल काढून पुन्हा लावा, अर्धा मिनिट थांबा आणि 'एलएसयूएसबी' परत चालवा. क्रमांक बदलला असेल तर अर्धी लढाई जिंकली.

तिसरी पायरी: १९८१ सालची भाषा

सोंग उतरल्यावर जुने थ्रीजी डोंगल संगणकाला दोन-तीन सीरियल पोर्ट म्हणून दिसते. त्यांची नावे 'टीटीवाययूएसबी' आणि पुढे ०, १, २ अशी असतात. एकावरून डेटा जातो, दुसऱ्यावरून सिग्नलची विचारपूस होते.

या पोर्टवर जी भाषा चालते ती ऐकून नवल वाटेल. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या हेज कंपनीने टेलिफोनच्या तारेला जोडायचा स्मार्टमोडेम आणला. त्याचा वेग होता सेकंदाला ३०० बिट. त्याला द्यायचा प्रत्येक आदेश 'एटी' या अक्षरांनी सुरू होई, म्हणजे 'अटेन्शन', इकडे लक्ष दे. चार दशके उलटली, तार गेली, टॉवर आले, पण तुमचे डोंगल आजही 'एटी' म्हटल्यावर 'ओके' असेच उत्तर देते. इंटरनेट जोडायला ते चक्क एक नंबर फिरवते: तारा, नऊ, नऊ, हॅश. पलीकडे कुणी फोन उचलत नाही. हा नंबर म्हणजे 'मला डेटा हवा आहे' अशी नेटवर्कला दिलेली खूण आहे.

हे सगळे हाताने करण्याची गरज नाही. 'मोडेम मॅनेजर' हा प्रोग्राम डोंगलशी बोलतो आणि 'नेटवर्क मॅनेजर' त्याच्याकडून जोडणी करून घेतो. मोडेम सापडला का हे पाहायला 'एमएमसीएलआय', मग जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून मोठ्या लिपीतला एल, एवढे टाइप करा. यादीत मोडेम दिसला तर तो कोणत्या स्थितीत आहे तेही विचारता येते: कुलूपबंद, सिम नाही, नेटवर्कवर नोंद झाली, जोडला गेला.

काही फोरजी डोंगले मात्र स्वतःच एक छोटा राउटर असतात. ती लावली की नेटवर्क कार्डासारखी दिसतात आणि मोडेमच्या यादीत येतच नाहीत. हुवावेच्या हायलिंक प्रकारात ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता उघडला की डोंगलचे स्वतःचे पान दिसते. पिन आणि इतर सेटिंग तिथेच भरायची.

चौथी पायरी: सिम आणि एपीएन

इथे माझी एक फजिती सांगतो. अल खुवैरच्या फ्लॅटमध्ये एका शुक्रवारी सकाळपासून दुपारपर्यंत मी ड्रायव्हर काढत होतो, टाकत होतो. शेवटी नीट वाचले तर मोडेम बिचारा पहिल्यापासून सांगत होता, 'सिम नाही'. जुन्या डोंगलला मोठे सिम लागते. मी नॅनो सिम प्लास्टिकच्या अडॅप्टरमध्ये बसवून घातले होते आणि ते केसभर सरकले होते. दोष ना लिनक्सचा ना डोंगलचा, माझ्या घाईचा! म्हणून आधी सिम तपासा. शक्य असेल तर तेच सिम फोनमध्ये घालून त्याचा डेटा चालतो का पाहा आणि तिथेच पिन बंद करून टाका. पिन तीनदा चुकला की सिम पीयूके क्रमांक मागते आणि तो दहादा चुकला की सिम कायमचे निकामी होते.

मग एपीएन. मोबाइल नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचे हे नाव. नाव चुकले तर सिग्नल पूर्ण दिसेल, पण दार उघडणार नाही. लिनक्समध्ये नवी मोबाइल ब्रॉडबँड जोडणी तयार करताना देशांच्या यादीत ओमान निवडले की कंपन्यांची नावे येतात. ही यादी जुनी असू शकते. २०१४ पर्यंत नवरस नावाने चालणारी कंपनी आज ऊरीडू आहे आणि व्होडाफोन ओमानमध्ये आले ते २०२२ मध्ये. यादीतल्या नावावर विसंबण्यापेक्षा त्याच सिमवर चालणाऱ्या फोनच्या सेटिंगमध्ये जो एपीएन दिसतो तो जसाच्या तसा उतरवून घ्या.

भारतातून आणलेल्या डोंगलबाबत आणखी एक गोष्ट. तिथे कंपनीच्या योजनेत मिळालेली अनेक डोंगले त्याच कंपनीच्या सिमला बांधलेली असतात. ओमानचे सिम घातल्यावर ते अनलॉक कोड मागू लागले तर हेच कारण. कोड अंदाजाने मारत बसू नका, प्रयत्न मोजके असतात. ज्या कंपनीकडून डोंगल घेतले तिच्याकडेच कोड मागा.

जिथे आज्ञा हरतात

आता ती तिसरी शक्यता. ओमानच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ पासून थ्रीजी सेवा टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. थ्रीजीची जागा फोरजी आणि फाइव्हजीला देण्यासाठी हे चालले आहे आणि जगभर हेच होते आहे. पण आपल्या कप्प्यातले ई१५५० किंवा त्याचे भाऊबंद फक्त थ्रीजी आणि टूजी जाणतात. थ्रीजी गेले की ते टूजीवर घसरते. तिथे परिस्थिती उत्तम असली तरी वेग सेकंदाला दोनशे किलोबिटांच्या आसपास. साधी मेल जाईल, पण आईचा चेहरा दिसणार नाही. सोंग उतरले, सिम ओळखले, एपीएन बरोबर, जोडणीही झाली, तरी पान उघडायला मिनिट लागते आहे, असे असेल तर डोंगलच्या पाठीवरचे मॉडेल पाहा. त्यावर एलटीई किंवा फोरजी असा उल्लेख नसेल तर आणखी वेळ घालवू नका. रुवीतल्या दुकानातून जुने डोंगल स्वस्तात घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे देण्याआधी हाच एक प्रश्न विचारा.

पत्र्याची खोली

डोंगल फोरजी असूनही सिग्नल कमी असेल तर भिंतींकडे बघा. पोर्टा केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात आणि धातू रेडिओ लहरी परतवून लावतो. लहरींना आत यायला खिडकीच काय ती मोकळी.

मोडेम सिग्नलची ताकद ० ते ३१ अशा आकड्यात सांगतो. या मापात प्रत्येक पायरी दोन डेसिबलची. म्हणजे आकडा १० वरून २० झाला तर फरक वीस डेसिबलचा, आणि डेसिबलच्या हिशेबात वीस म्हणजे ताकद शंभरपट! यूएसबीची एक-दीड मीटरची एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल खिडकीच्या काचेला लावणे हा कोणत्याही सेटिंगपेक्षा मोठा उपाय ठरू शकतो. केबल फार लांब घेऊ नका. यूएसबी २ च्या पोर्टमधून जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर मिळतात आणि सिग्नल पाठवताना डोंगलची भूक त्याच्या जवळपास जाते. लांब, बारीक तारेत व्होल्टेज पडते आणि डोंगल मधूनच गळून जाते. आणि इथल्या उन्हाळ्यात ते थेट उन्हात ठेवू नका. ते स्वतःही बऱ्यापैकी तापते.

थोडक्यात

क्रम लक्षात ठेवा. पाठीवर फोरजी लिहिले आहे का? सिम फोनमध्ये चालते का? 'एलएसयूएसबी'त क्रमांक बदलतो का? मोडेम मॅनेजरला मोडेम दिसतो का? एपीएन बरोबर आहे का? आणि शेवटी, डोंगल खिडकीत आहे का? प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर मिळते. जिथे पहिला 'नाही' येईल तिथेच थांबून दुरुस्ती करा, पुढे उड्या मारू नका. निम्म्याहून अधिक वेळ आपण नको त्या पायरीवर घालवतो.

आणि हो, घड्याळात आठ वाजून गेले असतील तर आज फोनवरूनच कॉल करून घ्या. डोंगल उद्याही तिथेच असेल, उद्या शुक्रवार आहे.