अमूलक आरोप : राईनपाडा आणि विनयपिटक

विनयपिटक हे भिक्खू-भिक्खुनींच्या आचारनियमांचे पिटक. गृहस्थ उपासकाला त्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न जळगाव व धुळे जिल्ह्यांतील वाचक आम्हांस अनेकदा विचारतात. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचे उत्तर एका घटनेच्या आधारे देऊ इच्छितो. ती घटना आपल्याच खानदेशात घडली. तिचे साधन आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तिच्यातून उभा राहिलेला कायद्याचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

दिनांक १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात पिंपळनेरजवळ राईनपाडा हे आदिवासी वस्तीचे गाव आहे. त्या दिवशी तेथे आठवडे बाजार भरला होता. बाजारात आलेले पाच अनोळखी पुरुष मुले पळवणाऱ्या टोळीतील आहेत, असा संशय कोणीतरी घेतला. जमाव जमला, मारहाण सुरू झाली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले. जमाव तेथेही घुसला आणि पाचही जण मारले गेले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याकडून भिक्षा मागत ते इकडे आले होते. त्यापूर्वीचे कित्येक दिवस मुले पळवणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश व चित्रफिती व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच रात्री मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले. पोलीस वेळेवर पोहोचले म्हणून ते कुटुंब वाचले.

मारले गेलेले पाच जण भिक्षेकरी होते, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. कारण भिक्खुसंघही भिक्षेवर जगणारा आणि गावोगाव फिरणारा समुदाय होता, आणि मुले पळवण्याचा आरोप त्याच्यावरही झालेला आहे. महावग्गात ही हकीकत येते. सारिपुत्त व मोग्गल्लान हे संजयाचे अडीचशे शिष्य घेऊन तथागतांकडे आले, त्यानंतर मगधातील नामांकित कुळांतील तरुण एकामागून एक प्रव्रजित होऊ लागले. लोक संतापले. श्रमण गोतम आई-बापांना निपुत्रिक करण्यास, स्त्रियांना विधवा करण्यास निघाला आहे, अशी कुजबुज राजगृहात सुरू झाली. भिक्खू दिसले की लोक टोमणे मारीत. हा गलबला सात दिवसांपेक्षा अधिक टिकणार नाही, असे भगवंतांनी भिक्खूंना सांगितले आणि लोकांना युक्तीने उत्तर देण्यास शिकवले. तसेच घडले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही सुखी संसार मोडल्याच्या या आरोपाची स्वतंत्र दखल घेतली आहे.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे इष्ट होईल. लोकांची भीती पोकळ आहे असे म्हणून भगवंतांनी ती झटकून टाकली नाही. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने आपले दुःख सांगितले, तेव्हा माता-पित्याच्या अनुमतीवाचून कोणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम करण्यात आला. मूल हरवण्याचे भय खरे असते. राईनपाड्याच्या बाजारातील आई-बापांचे भयही खरे होते, असे आम्ही मानतो. ते ज्यांच्यावर कोसळले त्यांचा मात्र त्या भयाशी काही संबंध नव्हता.

आता विनयाकडे वळू. भिक्खूंच्या पातिमोक्खात चार पाराजिकांनंतर तेरा संघादिसेस नियम येतात. त्यांतील आठवा नियम अमूलक आरोपाविषयी आणि नववा लेशमात्र निमित्ताने केलेल्या आरोपाविषयी आहे. दोन्हींची निदानकथा एकाच व्यक्तीची, म्हणजे आयुष्मान दब्ब मल्लपुत्त यांची आहे. राजगृहात येणाऱ्या भिक्खूंना निवासस्थाने व भोजने नेमून देण्याचे काम ते करीत. मेत्तिय आणि भुम्मजक यांच्या गटातील भिक्खूंना एकदा निकृष्ट भोजन मिळाले. ते दब्बांनीच मुद्दाम घडवून आणले असा त्यांनी ग्रह करून घेतला आणि भिक्खुनी मेत्तियेला पुढे करून दब्बांवर शीलभ्रष्टतेचा आरोप करविला.

तथागतांनी संघ एकत्र बोलावला आणि सर्वांसमक्ष दब्बांना विचारले, असे कृत्य केल्याचे तुला स्मरते काय? दब्ब म्हणाले, मी कसा आहे हे भगवंत जाणतातच. यावर भगवंतांनी त्यांना असे टाळाटाळीचे उत्तर देऊ दिले नाही. केले असेल तर केले म्हण, नसेल तर नाही म्हण, असे त्यांना सांगितले. हा प्रसंग आम्ही पुन्हापुन्हा वाचला आहे. जो शास्ता आरोपीचे निर्दोषत्व जाणतो असे ग्रंथच सांगतो, तोही स्वतःच्या ज्ञानावर निवाडा देत नाही. आरोपीला समोर बसवतो, विचारतो, त्याचे उत्तर संघाला ऐकवतो. त्यानंतर आरोप करणाऱ्यांचीही चौकशी करण्याची आज्ञा होते. मेत्तियेला संघातून घालवण्यात आले, तेव्हा तिला भरीस घालणाऱ्या भिक्खूंना आपलीच चिथावणी होती हे कबूल करावे लागले.

नवव्या नियमाची कथा याहून विलक्षण आहे. तेच भिक्खू गृध्रकूट पर्वतावरून उतरत असताना त्यांना एक बोकड शेळीशी संग करताना दिसला. त्यांनी बोकडाचे नाव ठेवले दब्ब मल्लपुत्त आणि शेळीचे नाव ठेवले मेत्तिया. मग ते संघात सांगू लागले की, पूर्वी आम्ही ऐकलेले बोललो होतो, आता मात्र प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले आहे. पाहिले हे खरे. नाव तेवढे दुसऱ्याचे.

२०१८ साली देशभर फिरलेली एक चित्रफीत याच जातीची होती. दुचाकीवरून आलेले दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तिच्यात दिसे. मूळ चित्रफीत पाकिस्तानातील कराची शहरात बालसुरक्षेच्या जागृतीसाठी तयार केलेली होती. तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडले जाते व पालकांसाठी सूचना दिसते. तो शेवट कापून उरलेला भाग आपल्याकडील घटना म्हणून पाठवला गेला. सीरियात २०१३ साली विषारी वायूने मृत्यू पावलेल्या बालकांचे छायाचित्रही त्या काळात याच प्रकारे फिरले. चित्र खरे, नाव दुसऱ्याचे. डोळ्यांनी पाहिले असे पाहणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटते, आणि गृध्रकूटावरील बोकड गावच्या बाजारात येऊन पोहोचतो.

विनयाने या बाबतीत एक सूक्ष्म भेद केला आहे. आरोपाला तीनच आधार असू शकतात : दिट्ठ, सुत आणि परिसंकित, म्हणजे पाहिलेले, ऐकलेले आणि संशयित. यांपैकी एकही नसेल तर आरोप अमूलक ठरतो. परंतु विभंग येथेच थांबत नाही. ऐकलेले असताना पाहिले असे सांगणे, संशय असताना ऐकले असे सांगणे, हेही दोषास्पद मानले आहे. आधाराला त्याच्याच नावाने सादर केले पाहिजे, हा त्यातील आग्रह होय. आणि ज्याला ते खरोखरच तसे वाटले, त्याला आपत्ती नाही. कपटाला दंड आहे, भाबडेपणाला नाही. राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्येच, पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण उमटविण्याची व्यवस्था व्हॉट्सअ‍ॅपने केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. ती खूण म्हणजे ‘सुत’ हा शिक्काच आहे, असे आम्ही म्हटले तर वाचकांना हसू येईल. पण अर्थ तोच आहे. फरक इतकाच की विनयात तो शिक्का बोलणाऱ्याने स्वतः मारावयाचा असतो.

आपल्या देशातील कायद्याने मात्र या प्रश्नाकडे बहुधा बोलणाऱ्याच्या बाजूनेच पाहिले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम त्रासदायक वा आक्षेपार्ह संदेशाला तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगत होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे मुंबई बंदविषयी फेसबुकवर मत लिहिणाऱ्या व ते पसंत करणाऱ्या दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा या कलमाची धार कोणावर चालते हे महाराष्ट्राने पाहिले. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर २०२१ च्या नियमांनी पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांना, आदेश आल्यास, संदेशाचा पहिला कर्ता शोधून देण्यास बांधले. असे करावयाचे तर प्रत्येकाच्या खाजगी संभाषणाचे कुलूप सैल करावे लागेल, असे म्हणत व्हॉट्सअ‍ॅपने दिल्ली उच्च न्यायालयात त्यास आव्हान दिले. २०२३ मध्ये केंद्र शासनाने आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा की खरा हे आपल्याच तपासणी कक्षाने ठरवावे अशी दुरुस्ती केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती २० सप्टेंबर २०२४ रोजी रद्द केली. विनयाच्या अभ्यासकाला हा निर्णय अपरिचित वाटणार नाही. जो पक्षकार आहे त्याला निवाडा करता येत नाही.

पहिला कर्ता कोण, हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो. कराचीच्या चित्रफितीचा पहिला कर्ता बालकांचे हित इच्छिणारा होता. शेवट कापणारा दोषी खरा. पण त्याने राईनपाडा पाहिलेही नसेल. हजारो हातांतून जाणाऱ्या संदेशात बहुतेक हात भाबडे असतात, आणि भाबड्यांना तुरुंगात घालण्याचा कायदा केला तर तो पालघरच्या तरुणींवरच चालतो. म्हणून नुसत्या वाणीच्या नियंत्रणाने त्या पाच जणांचे प्राण वाचले असते असे आम्हांस वाटत नाही. त्यांचे प्राण वाचवू शकणारी गोष्ट विनयाच्या दुसऱ्या भागात आहे.

सात अधिकरणशमथ, म्हणजे तंटे मिटवण्याच्या सात पद्धती, पातिमोक्खाच्या शेवटी येतात. त्यांत पहिला सम्मुखाविनय. त्याची चार अंगे आहेत : संघ समोर असावा, धम्म समोर असावा, विनय समोर असावा, आणि ज्याच्याविषयी प्रश्न आहे ती व्यक्ती समोर असावी. समोर असणे म्हणजे पकडून आणलेली असणे नव्हे. तिला विचारले जाणे व तिचे ऐकले जाणे. याच सातांत येभुय्यसिका, म्हणजे बहुमताचा निर्णय, ही पद्धतही आहे. परंतु ती विवादाधिकरणासाठी, म्हणजे धम्म काय व विनय काय या मतभेदासाठी सांगितली आहे. अनुवादाधिकरण, म्हणजे कोणावर दोषारोप असेल तर, त्याच्या निवारणाच्या पद्धतींत येभुय्यसिका नाही. कोण दोषी आहे हे मोजून ठरत नाही. लोकशाहीचे संस्कार संघात किती खोल होते हे सांगताना आपले लेखक येभुय्यसिकेचा उल्लेख हटकून करतात. तिची ही सीमा मात्र सांगत नाहीत.

राईनपाड्याच्या त्या कार्यालयात पाच व्यक्ती होत्या, पण त्या कोणाच्याही ‘सम्मुख’ नव्हत्या. तुम्ही कोण, कोठले, तुमच्या गावी कोणाला विचारावे, एवढे विचारून मंगळवेढ्यास दूरध्वनी केला असता तर ज्या यंत्राने अफवा आणली त्याच यंत्राने खात्रीही झाली असती. भारतीय संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाने जीविताचे संरक्षण नागरिकापुरते ठेवलेले नाही. ते प्रत्येक व्यक्तीला दिले आहे. त्यात जी कार्यपद्धतीची अट आहे, तिचा अर्थ राईनपाड्याइतका स्पष्ट दुसरीकडे दिसणार नाही. संशय भटक्यांवरच चटकन का बसतो, याचेही उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. इंग्रजी राजवटीने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून माणसाला जन्मावरून संशयित ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण पाल ठोकून राहणाऱ्या, झोळी घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाकडे पाहण्याची ती नजर गेली नाही.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविषयी निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी यासाठी नेमावा, खटले जलद न्यायालयात शक्यतो सहा महिन्यांत पूर्ण करावेत, पीडितांसाठी भरपाईची योजना असावी आणि संसदेने यासाठी स्वतंत्र गुन्हा निर्माण करावा, असे त्यात होते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे त्या पाच जणांच्या मृत्यूला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, अमलात आली. तिच्या कलम १०३ च्या दुसऱ्या पोटकलमात पाच वा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा वा तत्सम कारणावरून केलेल्या हत्येला मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगितली आहे.

या शब्दरचनेत एक अडचण आहे. राईनपाड्याचा जमाव आपण जातीवरून मारले असे म्हणणार नाही. मुले वाचवण्यासाठी मारले असे म्हणेल. मग ती हत्या या पोटकलमात बसते काय? आमच्या मते बसली पाहिजे. त्या बाजारात शेकडो माणसे असताना संशय या पाच जणांवरच गेला तो त्यांचे परगावचे असणे, त्यांची बोली, त्यांचे भिक्षा मागणे यांमुळेच. समुदाय आणि जन्मस्थान हेच त्या संशयाचे द्रव्य होते. मुलांची काळजी हे त्याचे नाव होते. तत्सम कारण या शब्दांचा अर्थ न्यायालये पुढे लावतील. भटक्या-विमुक्तांच्या संघटनांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलांनी हा मुद्दा आताच मांडून ठेवावा, असे आम्हांस वाटते.

जळगाव व धुळे जिल्ह्यांत बहुतेक मोठ्या गावी आठवडे बाजार भरतो, आणि अनेक ठिकाणी बाजाराजवळच आपले विहार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार आपल्या जिल्ह्यात जो पोलीस अधिकारी नेमलेला असेल त्याचे पद, कार्यालयाचा दूरध्वनी आणि ११२ हा साहाय्य क्रमांक विहाराच्या दर्शनी फलकावर लिहावा, आणि परगावच्या भिक्षेकऱ्याला बाजारात कोणी अडवल्यास त्याला विहारात आणून बसवावे व तेथूनच पोलिसांना बोलवावे, अशी आमची विहार समित्यांना विनंती आहे.