लिटरभर डिझेल गेलं कुठं?

बीदर जिल्ह्यातल्या कमलनगरच्या शिवारात डिझेल इंजिन चालू झालं की थोड्याच वेळात सायलेन्सरला हात लावायची सोय राहत नाही. इंजिन गार करून बारीक नळीतून बाहेर पडणारं पाणीही चांगलं तापलेलं असतं. डिझेलच्या पैशांचा मोठा वाटा पळतो, तो याच दोन वाटांनी!

हिशेब करा. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते. छोटं, सुस्थितीतलं इंजिन त्यातली ३ युनिटं शाफ्टवर देतं. पंपानं त्यातली ६० टक्के कामी लावली, तर २० मीटर खालून ३३ हजार लिटर पाणी वर येईल. सगळी १० युनिटं वापरता आली असती, तर १ लाख ८३ हजार लिटर!

आपण बोट दाखवतो रिंगा आणि ऑइलकडे, म्हणजे घर्षणाकडे. पूर्ण लोडवर मात्र धूर आणि गरम पाणी मिळून घर्षणाच्या कितीतरी पट ऊर्जा नेतात. लोड कमी केला की चित्र पालटतं. वेग तोच असेल तर घर्षण फारसं घटत नाही. म्हणून मोठ्या इंजिनाला किरकोळ पंप जोडणं हा चक्क डिझेलचा अपव्यय आहे.

घर्षण मोजायला इंजिन खोलावंही लागत नाही! वेग कायम ठेवून लोड बदलायचा, दर वेळी तेल किती लागलं ते आलेखावर मांडायचं आणि रेषा मागं वाढवायची. तेल शून्य होतं तिथं घर्षणाचा आकडा मिळतो. ही विलन्स रेषा. जिच्या नावात आहेत ते पीटर विलन्स मूळचे वाफेच्या इंजिनांचे जाणकार.

शाफ्टवर मिळणारा ऊर्जेचा वाटा म्हणजे इंजिनाची कार्यक्षमता. १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनानं २६ टक्के कार्यक्षमता गाठली, तेव्हा जग थक्क झालं. आज जहाजांची अजस्र इंजिनं ५० टक्क्यांच्या पुढं जातात.

आणि अशा मोजमापाच्या कामाचं एक ठिकाण सांगलीत आहे! तिथली अ‍ॅपेक्स इनोव्हेशन्स ही कंपनी इंजिन-चाचणीचे संच बनवते. देशभरच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळांत अशा संचांवर किर्लोस्करचं टीव्ही-१ इंजिन दिसतं: एक सिलिंडर, ६६१ सीसी, ७ हॉर्सपॉवर. क्रँक अंशाअंशानं फिरताना सिलिंडरमधला दाब सेन्सर टिपतो. त्यावरून जळणाची उष्णता कधी, किती सुटली ते संगणक मांडतो.

बीदरच्या पठारासाठी आणखी एक आकडा. ६०० मीटर उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा साडेपाच टक्के विरळ असते, मे महिन्यात तर आणखी. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण तेवढ्यानंच उतरते. पंप निवडताना इंजिनाच्या पाटीवरच्या हॉर्सपॉवरमधून ही तूट आधी वजा करा.